कुंडीतली भाऊबीज

बालमित्रांनो, आधी एक कोडं घालतो. तुमच्या घरात या क्षणी एक झाड गाढ झोपलेलं आहे. त्याला पान नाही, मूळ नाही, माती नाही, पाणीही नाही. तरी ते जिवंत आहे. कुठं आहे ते सांगा पाहू?

गॅलरीत जाऊ नका. सरळ स्वयंपाकघरात जा आणि कांद्याची टोपली बघा. सापडलं?

हो, कांदा म्हणजे झोपलेलं झाडच! खोटं वाटत असेल तर आईला विचारून एक कांदा वरपासून खालपर्यंत उभा कापा. सगळ्यात खाली एक छोटीशी टणक चकती दिसेल. ते या झाडाचं खोड. बसलं ना आश्चर्य? त्या चकतीवर एकात एक बसलेली जाड, रसदार पानं आहेत. आपण भाजीत घालतो ती हीच पानं. आणि अगदी मधोमध, सगळ्या पानांच्या कुशीत, एक हिरवट कोंब दडलेला असतो. तो म्हणजे उद्याचं झाड. पावसाळ्यात टोपलीतल्या कांद्याला आपोआप कोंब फुटतो तो यामुळंच. त्याचा डबा त्याच्याजवळच असतो!

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला (२०२४ पर्यंत ज्याचं नाव अहमदनगर होतं त्याला) कांदा काही नवा नाही. पारनेर, नगर, राहुरीकडं जा, बांधाबांधाला कांद्याच्या चाळी दिसतील. पण या कांद्याची काही भावंडं अशी आहेत, की ती भाजीत पडत नाहीत, कुंडीत पडतात. त्यांना फुलं येतात, आणि काहींच्या वासानं सगळा वाडा दरवळतो. आज त्यांचीच गोष्ट सांगायची आहे. आणि हो, त्यांची कुंडी तयार करून सणाला कुणाला तरी भेट कशी द्यायची, तेही सांगायचं आहे. पण त्याआधी माझी फजिती ऐका.

पाच कंद आणि एक फजिती

मी तेव्हा सहावीत होतो. माझी आत्या शेवगावला राहायची. तिला फुलांची भारी हौस. पण शेतावरचं घर सुटलं आणि ती गावात भाड्याच्या एका खोलीत राहायला आली. अंगण गेलं, तुळशीभोवतीची फुलझाडं गेली. ती बोलायची नाही, पण आमच्याकडं आली, की दारातल्या जास्वंदीपाशी जरा जास्तच वेळ उभी राहायची.

दर भाऊबीजेला बाबा मला घेऊन तिच्याकडं जायचे. ती बाबांना ओवाळायची, बाबा ताटात पैसे टाकायचे. त्या वर्षी मी ठरवलं, आपणही आत्याला काहीतरी द्यायचं. माझ्याकडं पैसे कुठले? पण बाबांच्या ओळखीच्या एका शेतकरीकाकांनी मला निशिगंधाचे पाच कंद दिले होते. म्हटलं, झालं काम! भाऊबीजेला फुललेली कुंडी मांडीवर घेऊन एस.टी.त बसायचं आणि आत्याच्या दारात नेऊन ठेवायची.

श्रावण निम्मा उलटल्यावर मी कंद लावले. तेलाचा रिकामा डबा घेतला, त्यात शेतातली काळी माती ठासून भरली. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घातलं. आणि कोंब आला का हे बघायला दर दोन दिवसांनी कंद उकरून बघितले!

परिणाम काय झाला असेल? तीन कंद कुजले. त्यांचा असा वास सुटला, की आजीनं डबा उचलून परसात नेला. चौथ्याला नुसती पानं आली. पाचव्यानं दांडा काढला खरा, पण भाऊबीजेच्या दिवशी त्यावर होत्या फक्त बंद, हिरवट कळ्या. फूल एकही नाही.

मी बाबांना म्हणालो, ‘मी नाही येत. हे काय नेऊन देऊ?’ बाबांनी काही न बोलता डबा पिशवीत घातला. शेवगावला पोचेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. आत्यानं डबा घेतला, कळ्यांवरून बोट फिरवलं आणि खोलीच्या एकुलत्या एका खिडकीत ठेवला. मला वाटलं, माझं मन राखायला ती तसं करतेय.

तुळशीच्या लग्नानंतर तिचं पोस्टकार्ड आलं. बाबांच्या नावानं नव्हे, माझ्या नावानं. आयुष्यातलं माझ्या नावाचं ते पहिलं पत्र. त्यात लिहिलं होतं, ‘रोज दोन-दोन फुलं उमलतात. खालून वर. आज अकरावं उमललं. संध्याकाळी दिवा लावला, की शेजारच्या बायका वास घ्यायला येतात.’

तेव्हा मला कळलं, मी काही चुका केल्या होत्या, आणि एक गोष्ट नकळत बरोबरही केली होती. चुका आधी सांगतो, म्हणजे तुम्ही त्या करणार नाही. बरोबर काय केलं, ते शेवटी!

कंद कशासाठी झोपतो?

आपला जिल्हा मोठा गमतीचा आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडं पाऊस असा कोसळतो, की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. आणि पूर्वेला, पाथर्डी-जामखेडकडं, ढग येतात आणि नुसते बघून निघून जातात. कितीतरी गावांनी टँकर पाहिले आहेत. पाणी जपून वापरणं आपल्याला हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी या गावांनी शिकवलं.

पण झाडांना हा धडा फार आधीपासून ठाऊक आहे. जिथं काही महिने पाऊस आणि काही महिने कडक कोरड किंवा कडक थंडी असते, अशा प्रदेशांतल्या काही झाडांनी एक युक्ती काढली. चांगल्या दिवसांत पानांनी अन्न तयार करायचं, ते जमिनीखाली साठवायचं, आणि वाईट दिवस आले, की वरची पानं सुकवून खाली झोपून जायचं. उंटाच्या मदारीसारखंच हे! पुन्हा ओल मिळाली, की साठवलेल्या शिदोरीवर कोंब वर येतो.

ही शिदोरी ठेवायच्या तऱ्हा निरनिराळ्या. कांदा, लिली, निशिगंध यांची शिदोरी असते जाड पानांच्या थरांत. ग्लॅडिओलसचा कंद कापला, तर आत थर दिसत नाहीत, सगळा भरीव गर असतो. ते खोडच फुगलेलं असतं. बटाटाही खोडच, म्हणून तर त्याला डोळे असतात. आणि हळद, आलं, सोनटक्का ही आडवी वाढणारी खोडं. नर्सरीवाले या सगळ्यांना सरसकट ‘कंद’ म्हणतात. आपणही तसंच म्हणू.

आता माझी पहिली चूक लक्षात आली ना? झोपलेल्या कंदाला मुळं नसतात. मुळंच नाहीत तर तो दोन-दोन तांबे पाणी पिणार कसा? ते पाणी साचतं आणि कंद कुजतो. ज्या झाडाचा जन्मच दुष्काळाशी झुंजण्यासाठी, त्याला मी पाण्यात बुडवून मारलं!

निशिगंध : परदेशी पाहुणा, घरचा झालेला

निशिगंध म्हणजेच गुलछडी. हिंदीत रजनीगंधा. देवाच्या हारात, नवरीच्या वेणीत, गणपतीच्या मखरात, सगळीकडं हा हजर. त्यामुळं तो आपल्याच मातीतला वाटतो. पण त्याचं माहेर आहे दूर मेक्सिकोत. तिथले जुने अॅझटेक लोक त्याला ‘हाडाचं फूल’ अशा अर्थाच्या नावानं ओळखत. पांढरंशुभ्र, मेणासारखं फूल ना, म्हणून!

आणखी एक मजा. शेताच्या बांधावर, रेल्वेच्या रुळांकडेला काटेरी टोकांच्या जाड पानांचं घायपात तुम्ही पाहिलं असेल. त्याचे दोर वळतात. त्या दांडगट घायपाताचा आणि या नाजूक निशिगंधाचा काही संबंध असेल, असं वाटतं का? पण तो आहे! निशिगंधाचं शास्त्रीय नाव पूर्वी ‘पॉलिअँथस ट्यूबरोसा’ होतं. आता शास्त्रज्ञांनी त्याला घायपाताच्याच ‘अगेव्ह’ या प्रजातीत घातलं आहे, आणि त्याचं नवं नाव झालंय ‘अगेव्ह अमिका’.

निशिगंधाची फुलं संध्याकाळनंतर जास्त घमघमतात. का बरं? रात्री उडणाऱ्या पतंगांना बोलावण्यासाठी. अंधारात रंग दिसत नाही, म्हणून पांढरा रंग आणि जोरदार वास. दुकानाला पाटी नसली, की दुकानदार हाका मारतो ना, तसंच हे!

याचे मुख्य प्रकार दोन. एकेरी पाकळ्यांचा ‘सिंगल’. याला वास जास्त, म्हणून तो हारांसाठी आणि अत्तरासाठी. दुसरा भरगच्च पाकळ्यांचा ‘डबल’, तो फुलदाणीसाठी. भेट द्यायची कुंडी असेल, तर मी सिंगलच सुचवीन. वास हीच तर त्याची खरी भेट!

आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं ‘फुले रजनी’ नावाचा निशिगंधाचा वाण काढला आहे. ‘फुले गणेश’, ‘फुले प्रेरणा’, ‘फुले तेजस’, ‘फुले नीलरेखा’ हे ग्लॅडिओलसचे वाणही याच विद्यापीठाचे. या नावांतलं ‘फुले’ म्हणजे फुलं नव्हेत बरं का, ते महात्मा जोतीराव फुल्यांचं नाव! पण गंमत बघा, त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव होतं गोऱ्हे. घरातली माणसं पेशव्यांकडं फुलं पुरवायची, म्हणून लोक त्यांना ‘फुले’ म्हणू लागले. म्हणजे फिरून गोष्ट फुलांवरच आली.

चला, कुंडी भरू या

आता बाह्या सरसावा. लागणारं सामान फार नाही.

कुंडी : मातीची कुंडी मिळाली तर उत्तम. नाहीतर तेलाचा डबा, रंगाची बादली, तोंड फुटलेला माठ, काहीही चालेल. दहा-बारा इंच रुंद आणि तेवढंच खोल हवं. तळाला निदान तीन-चार भोकं पाहिजेतच! डब्याला भोकं पाडायचं काम मोठ्या माणसांकडून करून घ्या. माझी दुसरी चूक हीच होती. माझ्या डब्याला एकही भोक नव्हतं.

माती : आपल्याकडची काळी माती शेताला छान, पण कुंडीत नुसती तीच भरली, तर पाणी धरून ठेवते आणि वाळली, की दगडासारखी होते. म्हणून दोन घमेली माती, एक घमेलं जाड वाळू आणि एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत असं मिसळा. मूठभर निंबोळी पेंड घातलीत, तर किडीचा त्रास कमी होतो. भोकांवर खापरीचे तुकडे उपडे ठेवा, म्हणजे माती वाहून जाणार नाही आणि पाणी मात्र निघून जाईल.

कंद : नर्सरीतून घ्या, किंवा फुलशेती करणाऱ्या ओळखीच्या शेतकऱ्याकडं मागा. नगरजवळचं अकोळनेर तर फुलांसाठीच ओळखलं जातं. निशिगंधाचं पीक दोन-तीन वर्षांनी काढून टाकतात, तेव्हा जमिनीतून कंदांचे घोसच्या घोस निघतात. कंद निवडताना दाबून बघा. टणक हवा, मऊ नको. जाडीला निदान लिंबाएवढा नाही, पण सुपारीएवढा तरी हवा. लहान कंदाला पानं येतील, पण फूल येणार नाही. माझ्या चौथ्या कंदाचं असंच झालं होतं. आणि एक, नुकताच उपटलेला कंद लगेच लावू नका. महिनाभर सावलीत पसरून त्याला झोपू द्या.

लावणी : एका कुंडीत तीन कंद पुरेत. टोकाची बाजू वर, चकतीची बाजू खाली. निशिगंध दोन इंच खोल, ग्लॅडिओलस तीन इंच खोल. लावल्यावर एकदा नीट पाणी द्या आणि मग थांबा.

थांबायचं म्हणजे थांबायचंच! उकरून बघायचं नाही. ही माझी तिसरी चूक. उकरलं, की नुकती फुटलेली नाजूक मुळं तुटतात, आणि बिचाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. रोज बघावंसं वाटलं, तर वही करा. तारीख लिहा, कोंब दिसला तो दिवस लिहा, दर रविवारी पट्टीनं उंची मोजा.

पाणी : बोट हे सगळ्यात चांगलं यंत्र! पहिल्या पेरापर्यंत बोट मातीत खुपसा. कोरडं लागलं तर पाणी द्या, ओलं लागलं तर नको. त्यासाठी वेगळं पाणी काढायचीही गरज नाही. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं मात्र नको. ज्या घरी चार दिवसांनी नळ येतो, त्या घरातही एक कुंडी सहज जगते.

ऊन : दिवसाला पाच-सहा तास ऊन लागलंच पाहिजे. सावलीत पानं लांबच लांब होतात आणि दांडा येतच नाही. दांडा उंच झाला, की शेजारी बांबूची कामटी खोचून सैल दोऱ्यानं बांधा. नाहीतर वाऱ्यानं मोडेल आणि तीन महिन्यांची मेहनत वाया जाईल.

गणित उलटं करायचं!

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. फूल सणाच्याच दिवशी कसं उमलणार? त्याला कॅलेंडर थोडंच वाचता येतं?

त्याला येत नाही, पण तुम्हाला येतं ना! ग्लॅडिओलसला लावल्यापासून फुलायला वाणाप्रमाणे आणि हवेप्रमाणे साधारण अडीच ते तीन महिने लागतात. आता नाताळ धरू. तो दर वर्षी २५ डिसेंबरलाच येतो, म्हणून हिशेब सोपा. २५ डिसेंबरमधून ८५ दिवस मागं जा. डिसेंबरचे २५, नोव्हेंबरचे ३०, झाले ५५. उरले ३०. ऑक्टोबरचे ३१ दिवस, त्यातून ३० गेले. म्हणजे १ ऑक्टोबर! त्या दिवशी कंद मातीत गेला पाहिजे.

पण थंडी लवकर पडली, तर फूल रेंगाळतं. ऊन जास्त पडलं, तर घाई करतं. म्हणून सगळे कंद एकाच दिवशी लावायचे नाहीत. एक कुंडी २४ सप्टेंबरला, दुसरी १ ऑक्टोबरला, तिसरी ८ ऑक्टोबरला. तिन्हींपैकी एक तरी वेळ साधतेच. उरलेल्या दोन घरात ठेवा, नाहीतर वर्गशिक्षकांच्या टेबलावर!

दिवाळीची तारीख दर वर्षी बदलते, तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि भाऊबीजेपासून मागं मोजा. निशिगंधाला साधारण साडेतीन महिने धरा. म्हणजे तो आषाढातच लावायला हवा. मी लावला श्रावण निम्मा झाल्यावर. चौथी चूक! उशीर झालाच असेल, तर निशिगंध सोडा आणि ग्लॅडिओलस लावा.

ग्लॅडिओलसची पानं तलवारीसारखी असतात. लॅटिन भाषेत ‘ग्लॅडियस’ म्हणजे तलवार, त्यावरूनच हे नाव आलं. त्याच्या बहुतेक रानटी जाती आफ्रिकेतल्या. त्याच्या कापलेल्या दांड्याचा एक प्रयोग करून बघा. दांडा रात्रभर टेबलावर आडवा ठेवा. सकाळी बघाल, तर शेंड्यानं मान वर केलेली असेल! वर कुठं आणि खाली कुठं, हे झाडाला आडवं पडूनही कळतं. म्हणून तर फूलवाले हे दांडे उभेच ठेवतात.

वर्षभराची भेट-पत्रिका

श्रावणातली राखी : पावसाळी लिली. छोटी, गुलाबी किंवा पांढरी. बारक्या कुंडीतही खूश. काही दिवस कोरडी ठेवून मग भरपूर पाणी दिलं, किंवा चांगला पाऊस पडला, की काही दिवसांत कळ्या वर काढते. जणू वाटच बघत असते!

दिवाळी, भाऊबीज : निशिगंध.

नाताळ आणि नवं वर्ष : ग्लॅडिओलस. नगरमध्ये नाताळ घरोघर साजरा होतो. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथं १८३१ साली सुरू झालं. ज्यांना ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणतात, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरमध्येच कितीतरी वर्षं राहिले. फुलं आणि मुलं दोन्ही ज्यांना प्रिय, अशा कवीच्या गावात तुमच्या ख्रिस्ती मित्राच्या घरी फुलांची कुंडी घेऊन जाण्याइतकं छान दुसरं काय असेल? तो तुम्हाला करंज्या आणि केक दोन्ही देईल!

मे महिना, वाढदिवस : मे फ्लॉवर. लालभडक चेंडूसारखं फूल. अकरा महिने त्याच्याकडं बघावंसंही वाटत नाही, आणि उन्हाळ्याच्या शेवटी एकाएकी मातीतून चेंडू वर येतो.

तुम्ही म्हणाल, ट्यूलिप का नाही? सिनेमात तर केवढे सुंदर दिसतात! पण ट्यूलिपच्या कंदाला फूल धरण्यासाठी कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते. काश्मीरमध्ये ती मिळते, म्हणून श्रीनगरला दल सरोवराकाठी २००७ साली सुरू झालेली ट्यूलिपची मोठी बाग फुलते. आपली नगरची थंडी स्वेटर घालण्याइतकी खरी, पण ट्यूलिपला फसवण्याइतकी नाही. हॉलंडमध्ये तर एके काळी लोकांना ट्यूलिपच्या कंदांचं इतकं वेड लागलं, की एकेका कंदासाठी घराइतके पैसे मोजायची तयारी झाली. १६३७ साली भाव एकदम कोसळले आणि कंद घेणारे डोक्याला हात लावून बसले. तेव्हा मित्रांनो, आपल्या मातीला जे मानवतं, तेच लावावं!

आई-बाबांसाठी दोन शब्द

कंद दिसायला कांद्यासारखा असला, तरी तो खायचा नाही. लिली, मे फ्लॉवर यांचे कंद विषारी असतात. रानात आढळणारी सुंदर कळलावी तर फारच विषारी. म्हणून कंद स्वयंपाकघरात ठेवू नका, पिशवीवर नाव लिहा, लहान भावंडं आणि कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवा. हात लावल्यावर मुलांना साबणानं हात धुवायला सांगा.

दुसरं असं, की हरिश्चंद्रगड, कळसूबाई, भंडारदऱ्याकडं सहलीला गेलात, तर पावसाळ्यात रानफुलं दिसतील. त्यातली बरीच कंदांतूनच वर आलेली असतात. कंद उपटला, की पुढच्या वर्षीचंही फूल गेलं, त्याच्या पुढच्या वर्षीचंही गेलं. तो परिसर अभयारण्य आहे. तिथून आणायचं ते फक्त चित्र, डोळ्यांत किंवा कॅमेऱ्यात.

आणि मुलांची कुंडी त्यांच्याऐवजी तुम्ही सांभाळू नका. एखादा कंद कुजला, तर कुजू दे. तो का कुजला, हे त्यांनाच शोधू दे.

फूल सुकल्यावर काय?

भेट देताना कुंडीला एक चिठ्ठी बांधा. तिच्यावर झाडाचं नाव, लावल्याची तारीख आणि या तीन सूचना लिहा.

एक, फुलं सुकली, की दांडा कापा, पण पानं कापू नका. पानं हाच कंदाचा स्वयंपाकी. तीच उन्हात अन्न शिजवून रिकामी झालेली शिदोरी पुन्हा भरतात.

दोन, पानं आपोआप पिवळी पडू लागली, की पाणी कमी करत जा आणि मग थांबवा. झाड मेलं नाही, झोपलंय! फेकून देऊ नका. पावसाळी लिलीची पानं मात्र वर्षभर हिरवी राहू शकतात, तिला थोडं पाणी चालू ठेवा.

तीन, ग्लॅडिओलसचे कंद उकरून, सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. जुना कंद सुकून गेलेला दिसेल आणि त्याच्या डोक्यावर नवा कंद बसलेला असेल. भोवती लसणाच्या पाकळ्यांएवढी पिल्लंही असतील. ती लावा, पण धीर धरा, त्यांना फुलायला दोन-तीन हंगाम लागतात. निशिगंधाचंही तसंच. एका कंदाला बहुधा एकदाच फूल येतं, पण जाताना तो भोवती पिल्लं ठेवून जातो. पुढची फुलं त्यांची.

म्हणजे बघा, तुम्ही भेट देता एक कुंडी, आणि दोन वर्षांनी ज्याला दिली, त्याच्याकडं दुसऱ्याला द्यायला चार कुंड्या असतात. अशी भेट दुकानात मिळते का?

आणि आता, मी नकळत बरोबर काय केलं होतं ते. मी फुललेली कुंडी दिली नाही, कळ्या आलेली दिली. तेव्हा मला त्याची लाज वाटली होती. पण पूर्ण फुललेली कुंडी दिली असती, तर आत्याच्या वाट्याला सुकणं आलं असतं. कळ्या दिल्या, म्हणून तिच्या वाट्याला उमलणं आलं, रोज दोन-दोन फुलं. तेव्हापासून मी कुंडी द्यायची झाली, की खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसू लागला, की लगेच देतो. फूल सणाच्या दिवशी नाही उमललं, तरी घाबरत नाही. ज्याला दिलं, त्याच्या घरात ते उमलणारच असतं.

आत्यानं त्या पाचव्या कंदाची पिल्लं वेगळी केली, शेजारणींना वाटली. पुढं पुष्कळ वर्षांनी मी शेवगावला गेलो, तर त्या गल्लीत तीन दारांसमोर गुलछडी उभी होती. एक तर चक्क तेलाच्या डब्यात! मी वाकून बघितलं. डब्याला खाली भोकं होती.

मग मित्रांनो, कॅलेंडर काढताय ना? कुणासाठी कुंडी लावायची, ते आधी ठरवा. नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आजोबा असतील, शाळेतले शिपाईकाका असतील, गाव सोडून दूर गेलेली मैत्रीण असेल. मग दिवस मागं मोजा. आणि कंद लावल्यावर, कृपा करून, उकरून बघू नका!